अंगणातले दिवे आणि ओले पाय

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून आपले सण सगळ्या ऋतूंतून फिरतात. २०१५ साली ईद-ए-मिलाद डिसेंबरच्या थंडीतही आली होती. २०२५ मध्ये ती ५ सप्टेंबरला आली आणि पुढची काही वर्षे ती पावसाळ्यातच येणार आहे. म्हणजे दारावरच्या, गच्चीवरच्या माळा आता भिजणार. घराबाहेर वीज नेताना हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

आमचे घर जुना जालन्यातले, जुन्या धाटणीचे. मध्ये सहन, कडेला फरशीचा ओटा, ओट्याजवळ नळ आणि एक डाळिंबाचे झाड. सासूबाई फजरच्या वेळी अंधारातच वुजूला नळाकडे जातात. तिथे कायमचे दिवे हवेत, असे घरात ठरले. दीर म्हणाले, "भाभी, बोर्डात एमसीबी आहे ना? मग आणखी खर्च कशाला?"

हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो, म्हणून त्यांना दिलेले उत्तर इथे सांगते. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेवर भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले की तो पडतो. माणसाच्या शरीरातून मात्र ३० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी जिवाला धोका होऊ शकतो. ६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या २०० पट प्रवाहासाठी बनलेला असतो, त्यामुळे शॉक बसत असताना तो तसाच चालू राहील.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो की नाही, हे तो सतत पाहतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणात वीज तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आले, तर त्याला फरक कळत नाही. म्हणून उघडी तार आणि नुसती टेप गुंडाळलेला जोड बाहेर नकोच.

दिरांना हे पटले. परवानाधारक वायरमन बोलावला. ओट्याच्या कडेला १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावल्या. त्यांचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर खोलीत ठेवला, त्यामुळे ओट्यावर २३० व्होल्ट येतच नाहीत. डाळिंबाजवळच्या मोठ्या दिव्याला तीन तारांची केबल पीव्हीसी पाइपातून नेली. तिसरी तार अर्थिंगची. दिवा आणि जोडपेटी आयपी ६५ दर्जाची घेतली. यातला ६ धूळ आत न शिरण्याचा आणि ५ पाण्याचा फवारा सोसण्याचा. केबल पेटीत खालून घातली, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत जात नाही. बटण नळापासून लांब, खोलीत. कपडे वाळवायच्या लोखंडी तारेवर किंवा खिडकीच्या गजांवर माळ बांधायची नाही, हे मुलांना बजावले.

आपल्या भागात अर्थिंगची वेगळीच अडचण आहे. मातीचा थर पातळ, खाली काळा खडक आणि उन्हाळा कडक. जमीन वाळली की ती वीज नीट वाहून नेत नाही आणि अर्थिंग कमजोर पडते. जालन्यात उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, तिथे खड्ड्यात ओतायला बादली कुठली काढायची? आम्ही वुजूचे वाहून जाणारे पाणी पाइपाने त्या खड्ड्याकडे वळवले. वरचे पाणी डाळिंबाला मिळते.

या कामात आरसीसीबी, अर्थिंग आणि पाइप यांवरच जास्त पैसे गेले. पाहुणे दिव्यांचे कौतुक करतात, या वस्तू कोणाला दिसत नाहीत. पण त्या सहनात मुले अनवाणी खेळतात आणि सासूबाई ओल्या पायांनी उभ्या राहतात.

तरीही कोणाला शॉक बसलाच, तर धावत जाऊन त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

आरसीसीबीवर 'टेस्ट' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की वीज जायला हवी. नाही गेली, तर तो बदलायचा. महिन्यातून एकदा ही तपासणी करावी. आम्ही त्यासाठी चाँदरात ठरवली आहे: चाँद दिसला की धाकटी स्टुलावर चढते आणि बटण दाबते.