बफेलोची पहाट

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी बफेलो हे शहर वसले आहे. हिवाळ्यात येथील घराघरांत दिवस उजाडण्यापूर्वी एकच प्रश्न जागा होतो : आज शाळा भरणार की नाही?

मुलांनी आपल्या परीने उपाय आदल्या रात्रीच केलेले असतात. पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपले की हिम पडते व सुट्टी मिळते, अशी अमेरिकेतील बाळगोपाळांची समजूत आहे. वडीलधाऱ्यांची नजर मात्र सरोवराकडे असते.

उन्हाळ्यात साठवलेली ऊब ईरीचे पाणी हिवाळ्याच्या आरंभापर्यंत धरून ठेवते. त्यावरून गारठलेला कोरडा वारा वाहू लागला की तो बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर हिमरूपाने रिता करतो. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा सरोवराच्या पाण्यापेक्षा निदान १३ अंश सेल्सिअसने थंड असली, म्हणजे जाणकार सावध होतात. वारा नैर्ऋत्येकडून, सरोवराच्या लांबीला धरून आला, तर ढगांचा एकच अरुंद पट्टा तयार होतो. हिम किती पडेल यापेक्षा हा पट्टा कोठे स्थिरावेल, हे सांगणे अधिक कठीण. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक हिम साचले. उत्तरेकडे मात्र काही इंचांवर निभावले.

अमेरिकेच्या महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ. ते गोठले की बाष्पाचा पुरवठा आटतो, आणि शहर सुटकेचा निःश्वास टाकते. परंतु जानेवारी १९७७ मध्ये गोठलेल्या सरोवरावर साचलेले भुसभुशीत हिमच वादळी वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकले. ठोकताळा खरा होता, तरीही शहर हिमाखाली गेले.

हवामानाचा अंदाज शक्यतेच्या भाषेत बोलतो. शाळांच्या अधीक्षकांना मात्र पहाटेच ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावे लागते. रस्त्यांची स्थिती, बसगाड्यांची सोय, वाऱ्यामुळे अंगाला झोंबणारी थंडी, हे सारे ते विचारात घेतात. शाळा विनाकारण बंद राहिली, तर तासांवर मजुरी मिळवणाऱ्या पालकांचा रोजगार बुडतो आणि शाळेतच नाश्ता व जेवण मिळणाऱ्या मुलांची आबाळ होते. शिवाय राज्याच्या नियमानुसार वर्षाचे १८० दिवस भरायचे असतात. म्हणून वेळापत्रकात हिमसुट्ट्यांसाठी थोडे दिवस शिलकीत ठेवतात आणि ते हात राखूनच खर्चतात.

उलट बाजूची किंमत शहराने २० नोव्हेंबर २००० रोजी मोजली. त्या सोमवारी शाळा नेहमीप्रमाणे भरल्या. मग भर दिवसा हिम कोसळू लागले आणि सुमारे दोन फुटांचा थर साचला. मुलांना घरी नेणाऱ्या बसगाड्या वाहनांच्या गर्दीत जागच्या जागी अडकल्या. कित्येक मुलांना ती रात्र घराबाहेर काढावी लागली, आणि त्यांच्या आईवडिलांना ती जागून काढावी लागली.

म्हणून पहाटेचा खरा प्रश्न ‘मूल शाळेत पोहोचेल का’ एवढाच नसतो. ‘दुपारी ते सुखरूप परतेल का’ हाही असतो. एखाद्या दिवशी शाळा बंद ठेवावी आणि नेमके लख्ख ऊन पडावे, असेही घडते. तेव्हा लोक कुरकुरतात. पण तो दिवस शिलकीतून भरून काढता येतो. वाटेत अडकलेल्या मुलाच्या काळजीत गेलेल्या रात्रीची भरपाई कोणत्याही वहीत मांडता येत नाही.