बर्फातली न्याहारी

मुलांनो, सकाळच्या शाळेला तुम्ही काय खाऊन जाता? खरं सांगायचं हं!

माझ्या पाचवीच्या वर्गाला दर शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ संपला की मी हाच प्रश्न विचारतो. उत्तरं ठरलेली. ‘चहा-खारी.’ ‘चहा-बिस्कीट.’ ‘नुसता चहा.’ आणि मागच्या बाकांवरून हळूच, ‘काय नाय, सर.’ साडेआठ वाजले की या ‘काय नाय’वाल्यांच्या माना बाकावर टेकू लागतात. पाढे येत असूनही गुणाकार चुकतो. चुकणारच! रात्री आठला जेवलेलं पोर सकाळी आठपर्यंत बारा तास उपाशीच की. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने २०२४ साली काढला. पाचवीपासून पुढच्यांची गाठ मात्र अजून पहाटेशीच आहे.

आमच्या घरीही तेच. मुलगा सातवीत, शाळा सातची. मुलांची आई परिचारिका. पहिली पाळी असली की ती सव्वासहालाच घर सोडते. पूर्वी ती साडेचारला उठून पराठे लाटायची. दिवसभर रुग्णांमागे धावणाऱ्या बाईची दीड तासाची झोप आपण तिघं मिळून खातोय, हे मला काही पटेना. म्हणून आता रविवारी दुपारी दोन तास स्वयंपाकघर मुलगा, मुलगी आणि मी, अशा तिघांच्या ताब्यात असतं. आईला आत यायला बंदी!

मेथीचे पराठे मी लाटतो. ते दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजायचे, नुसते डाग पडेपर्यंत. मग जाळीवर पूर्ण गार करायचे. ही पायरी घाईत उरकू नका. गरम पराठा डब्यात कोंबला तर त्याच्या वाफेचा बर्फ होतो आणि सकाळी तव्यावर सगळा चिखल. पण गार करायचे म्हणून संध्याकाळपर्यंत उघडेही ठेवायचे नाहीत. दोन तासांच्या आत ते फ्रीझरमध्ये गेले पाहिजेत. दोन पराठ्यांमध्ये एकेक कागद, वरून घट्ट पिशवी, पिशवीवर तारीख. तारीख घालण्याचं खातं मुलीकडे आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. सकाळी पराठा थेट तापल्या तव्यावर टाकायचा, तेल सोडायचं, तीन-चार मिनिटांत तयार.

इडल्याही अशाच गार करून ठेवतो. सकाळी आठ-दहा मिनिटं वाफवल्या की पुन्हा मऊ. कोथिंबीर वडीचे उंडे उकडून ठेवतो. रात्री उंडा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचा, सकाळी काप करून परतायचे. कांदेपोहे मात्र ताजेच बरे. उकडलेल्या बटाट्याच्या सारणाला पाणी सुटतं, आणि साबुदाण्याच्या खिचडीचे तर छर्रे होतात!

बटाटा बिघडतो, मग इडली का नाही? एक प्रयोग करा. काकडीची चकती रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून वितळू द्या. चकती लुळी पडलेली दिसेल. पाणी गोठताना फुगतं आणि त्याचे टोकदार स्फटिक होतात. ते पेशींच्या भिंती फोडतात. गोठणं जितकं सावकाश, तितके स्फटिक मोठे.

हे मर्म क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने बर्फाळ लॅब्राडोरमध्ये ओळखलं. १९१२ नंतर काही वर्षं तो कॅनडाच्या त्या भागात राहिला. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत, ते बाहेर काढताक्षणी गोठत. महिन्यांनंतर शिजवले तरी चव ताज्यासारखी! परतल्यावर त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली आणि १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विकायला आला. आपल्या घरात तसं यंत्र नाही. म्हणून पराठे ढिगाने न ठेवता आधी ताटात सुटे पसरून गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत.

आता एक सावधगिरी. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. उणे १८ अंशांना ते गप्प असतात. वीज गेली, बर्फ वितळला की जागे! आपण घरी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कसं कळणार? वाटीभर पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी तिथेच राहू द्या. नाणं तळाला गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजा आणि तो डबा टाकून द्या. घरातल्या साध्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा फार थंड नसतो, त्यामुळे आमचा माल आठवड्यात संपवायचाच असा नियम आहे. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हा दुसरा.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगत होतो, तेव्हा एका मुलीने हात वर केला. ‘सर, आमच्याकडं फ्रीज नाय.’ तिची आई रात्रपाळीहून सात वाजता परतते. तोवर पोरगी धाकट्या भावाला घेऊन शाळेच्या वाटेवर.

जंतूंना जगायला पाणी लागतं. फ्रीझर ते गोठवून ठेवतो. आपल्या आज्यांनी ते आधीच भाजून उडवलं होतं. थालीपिठाची भाजणी डब्यात महिनोन्‌महिने टिकते ती त्यामुळेच. मी तिला भाजल्या रव्याची युक्ती सांगितली. सुट्टीच्या दिवशी आईने फोडणीत मोहरी, उडीद डाळ, मिरची, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परतायचा, त्यात रवा खमंग भाजायचा, मीठ घालून गार करायचा आणि कोरड्या बरणीत भरायचा. सकाळी वाटीभर रव्यावर दुप्पट उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की उपमा. पण गॅस पेटवायचा तो शेजारच्या काकूंसमोरच, हे मी तीनदा बजावलं.

दोन शनिवारांनी ती डबा घेऊन आली. मीठ जरा जास्त होतं. मी दोन घास खाल्ले, उरलेला तिच्या बाकावरच्या मैत्रिणींनी संपवला. कढीपत्ता त्यात औषधालाही नव्हता. भावाला आवडत नाही म्हणे.