राखणदार

कांहीं यंत्रांचा उपयोग काम करण्यांत असतो, तर कांहींचा काम बंद पाडण्यांत. या दुसऱ्या जातीच्या यंत्रांविषयीं माणसास प्रेम वाटणें कठीण.

अकोट तालुक्यांतील आमच्या संत्र्याच्या बागेंत, विहिरीवरील स्टार्टरच्या पेटींत, असें एक यंत्र आहे. विक्रेते त्यास व्होल्टेज मॉनिटरिंग रिले म्हणतात. आमच्याकडील शेतकरी नुसतें ‘प्रिव्हेंटर’ म्हणून मोकळा होतो. पंपाच्या मोटारीस तीन फेजांची वीज लागते, आणि कोणत्याही दोन फेजांमध्यें सुमारें ४१५ व्होल्टचा दाब असावा असा संकेत आहे. हा दाब फार उतरला, फार चढला, तिहींत विषमता आली किंवा एखादा फेज नाहींसा झाला, कीं रिले कांहीं क्षण वाट पाहतो आणि मोटारीची वीज तोडतो.

हा संकेत पुष्कळदां कागदावरच राहतो. शेतीच्या पाळीची वीज आली कीं एका डीपीवरील साऱ्या मोटारी ऑटोस्विचमुळें एकदम उठतात. उठतांना प्रत्येक मोटार नेहमीच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते, आणि दाब मावळतो. दाब ८० टक्क्यांवर आला म्हणून मोटारीचा जोरही तितकाच राहतो असें नाहीं; तो वर्गाच्या हिशेबानें ६४ टक्क्यांवर येतो. पाणी मात्र तेवढेंच उपसावयाचें असतें! मग ती बापडी अधिक प्रवाह घेते आणि तापते. एक फेज गेला तर याहूनही वाईट. थांबलेली मोटार अशा वेळीं उठत नाहीं, पण चालती मोटार थांबतही नाहीं. उरलेल्या दोहोंच्या बळावर ती घुमत राहते. शिवाय फिरतां फिरतां गेलेल्या फेजांत ती स्वतःच कांहीं दाब उत्पन्न करते, आणि साधें उपकरण त्यास फसतें. गैरहजर मित्राच्या नांवानें ‘हजर’ म्हणणारे विद्यार्थी आम्हीं तीस वर्षें पाहिले आहेत; त्यामुळें ही लबाडी आम्हांस चटकन् समजली. चांगला रिले तिन्ही फेजांचा परस्परांशीं मेळ पाहतो.

हें सारें ठाऊक असतांना २०१९ च्या वैशाखांत आम्हीं जें केलें तें असें. आंबिया बहाराचीं फळें सुपारीएवढीं झालीं होतीं आणि उन्हानें गळूं लागलीं होतीं. सुटीमुळें आम्ही अमरावतीहून बागेंत येऊन राहिलों होतों. वीज रात्रपाळीची. रिले घडोघडी मोटार बंद करी. आमचे वृद्ध सालदार अंधारांत विहिरीकडे जात, ती चालू करीत आणि परत येत. तिसऱ्या खेपेस आमचा धीर सुटला. रिले वगळून मोटार थेट जोडा, असें आम्हीं फर्माविलें.

“भाऊ, थे कटकट करते, पन मोटारीची राखन करते. काहून काढता?”

“एका रात्रीनें कांहीं होत नाहीं, बाबा.”

त्यांनीं आमच्या हातीं बॅटरी दिली आणि निमूटपणें तारा बदलल्या.

पहांटे विहिरीजवळ जळक्या व्हार्निशचा वास येत होता. डीपीवरील एक फ्यूज रात्रीं केव्हांतरी उडाला होता.

मोटार गाडींत घालून आम्ही दोघे अकोल्यास गेलों. वाइंडिंग करणाऱ्या कारागिरानें ती उघडली, आणि आंतल्या वेटोळ्यांवर सारी हकीगत लिहिलेली दिसली. आमची मोटार स्टार जोडणीची. दोन फेजांचीं वेटोळीं कोळशासारखीं काळीं, तिसऱ्याचीं तांब्याच्या नव्या भांड्यासारखीं लखलखीत.

“प्रिव्हेंटर नव्हता काय?” त्यानें विचारलें.

आम्ही तोंड उघडलें, तोंच सालदार म्हणाले, “होता. माह्या हातून तार सुटली.”

आम्ही तोंड मिटलें. कारागीर चांगला पाव तास त्या म्हाताऱ्या माणसास बोलत होता, आणि आम्ही रस्त्यावरचीं वाहनें पाहत होतों. मोटार परत येईतों चार दिवस गेले. बागेंत झाडांखालीं हिरवीं फळें वेंचण्याचें कामही त्यांनींच केलें. रिले पुन्हां जोडण्याचेंही.

पुढें कांहीं कामानिमित्त त्या दुकानीं आम्ही आणखी दोनदां गेलों. दोन्ही वेळां कारागिरानें चहा मागवितांना हंसून विचारलें, “तार सोडनारा थो मानूस अजून हाये काय तुमच्याकडे?”

आम्ही ‘आहे’ म्हणालों.