उघडला तिथेच मिटला!

एका फाइलीत दोन अक्षरं बदलली आणि अख्ख्या संकेतस्थळावरचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी झाले! मुळातल्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एन’ होती, ती ‘एमआर’ केली, बस्स. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये आपला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श असतातच. पान मराठी आहे एवढं ब्राउझरला कळलं की ते आपसूक पुढे येतात.

हे एका जागेवरून साधलं ते जँगो या वेब फ्रेमवर्कमधल्या टेम्प्लेट इनहेरिटन्समुळे. मला ते आत्ता कुठे सापडलंय आणि भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलोय!

एरवीची रीत आठवा. हेडरच्या फाइलीत बॉडी आणि दोन-तीन डिव्ह उघडायचे, फूटरच्या फाइलीत ते मिटवायचे. दोन्ही फाइली अर्धवट. मधलं पान लिहिणाऱ्याला आपण किती डिव्हच्या आत बसलोय हे दिसतच नाही. एखादा डिव्ह मिटायचा राहिला, तर ब्राउझर तक्रार न करता आपल्या परीनं सावरून घेतो, आणि भलत्याच पानाची मांडणी विस्कटते.

जँगो घडलं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते रचलं, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्रच ते: बातम्या रोज नव्या, चौकट तीच! जँगोतही तसंच, एकच पायाभूत टेम्प्लेट असतं. डॉकटाइप, हेड, बॉडी, मेन, सगळं त्यातच उघडतं आणि त्यातच मिटतं. मध्ये नाव दिलेल्या मोकळ्या जागा, म्हणजे ब्लॉक. प्रत्येक पान ‘एक्स्टेंड्स’ म्हणतं आणि फक्त ते ब्लॉक भरतं. टायटलचा टॅगसुद्धा पायातच राहतो, पानानं नुसता मजकूर द्यायचा. कॅरेक्टर सेटची घोषणा पहिल्या १०२४ बाइट्समध्ये हवी असते; ती पायात अगदी वर लिहिली की प्रश्नच मिटला.

पण खरी गंमत पुढेच आहे. ब्लॉकभोवती काय आहे यावरून आत काय चालेल ते ठरतं. ब्लॉक पी टॅगच्या आत ठेवलात आणि कुणी त्यात डिव्ह घातला, तर डिव्ह दिसताक्षणी ब्राउझर पी मिटवून टाकतो. मग शेवटी पी मिटवणारा जो टॅग उरतो, त्यातून एक नवा, रिकामा परिच्छेद जन्माला येतो! हेडच्या ब्लॉकमध्ये डिव्ह आला तर त्याहून नवल: हेड तिथेच संपतं, बॉडी सुरू होते आणि पुढचे मेटा टॅग बॉडीत जाऊन पडतात. हे कळल्यापासून मी प्रत्येक ब्लॉकच्या वर, टेम्प्लेटच्याच कॉमेंटमध्ये, आत काय चालेल ते लिहून ठेवतो. ती कॉमेंट तयार पानात उतरत नाही.

तपासायचं मात्र तयार झालेलं पान, टेम्प्लेट नव्हे. डब्ल्यूथ्रीसीच्या एचटीएमएल तपासनिसाला जँगोचे महिरपी कंस कळत नाहीत. पायातली एक चूक दुरुस्त केली की पानोपानीची तीच लाल ओळ एकदम नाहीशी होते. काय सुख आहे ते!

आता राहिलं प्रत्येक लेखाची झलक दाखवणारं कार्ड. तोच तुकडा एका पानावर अनेकदा येतो आणि एक आयडी तर पानात एकदाच चालतो. म्हणून आयडीत लेखाचा क्रमांक जोडतोय. आज रात्रीच बसतो!