हमेलीतला डॉलर

वारसाहक्काविषयी आपल्याकडे बोलणं पुष्कळ होतं, हिशेब क्वचित होतो. भिवापूरच्या आमच्या घरात तो झाला, आणि त्याला निमित्त ठरलं एक परदेशी नाणं.

दादी गेल्यावर तिची हमेल उरली. चांदीचे १८ रुपये आणि मधोमध एक मोठा अमेरिकन डॉलर. दादा मिरची विकायला छोट्या गाडीनं नागपूरला जात. ही नागभीडची गाडी २०१९ पर्यंत इतवारीला जायची. तिथल्या सराफ्यातून त्यांनी डॉलर आणला, असं दादी सांगायची.

वारस तिघे : अब्बा, चाचा आणि फुप्पी. शरीयतप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक. पाचांतला एक वाटा फुप्पीचा. जुना डॉलर लाखांत जातो, असं चाचांनी मोबाइलवर पाहिलं होतं. ते म्हणाले, "तू डॉलर घे, बाकीचं सोड. तुझाच फायदा आहे." फुप्पी गप्प राहिली. आपल्या बहिणी अशा वेळी गप्पच राहतात, आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो.

मी नाणं निरखलं. पुढं स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, खाली १९२१. मागं पंख पसरलेला गरुड. कोरणारा जॉर्ज मॉर्गन, म्हणून नाव मॉर्गन डॉलर. गरुडाखालच्या पानांच्या वेढ्याखाली 'डी' असेल तर टांकसाळ डेन्व्हरची, 'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची. आमच्यावर काहीच नव्हतं, म्हणजे फिलाडेल्फिया. त्या एका वर्षी तिथं असे ४ कोटी ४६ लाख ९० हजार डॉलर पाडले गेले. दुर्मीळ कसला! त्यात हमेलीसाठी कडी डाकलेली. अशा नाण्याला संग्राहक फारसा भाव देत नाहीत. उरते ती चांदी.

एवढे डॉलर का पाडले, याचं उत्तर आपल्याच देशात सापडतं. पहिल्या महायुद्धात इथले लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारची चांदी आटली. १९१८ च्या पिटमन कायद्यानं अमेरिकेनं २७ कोटींवर डॉलर वितळवले. बहुतेक चांदी ब्रिटननं हिंदुस्थानसाठी विकत घेतली. तिचे रुपये झाले. अमेरिकेनं ती भर पुढं १९२१ पासून नवे डॉलर पाडून काढली. दादीच्या हमेलीत १९१८ चे सहा रुपये होते. म्हणजे डॉलरची जातभाई चांदी तिच्या गळ्यात आधीच असेल.

आता वजन. डॉलर २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी : शुद्ध २४ ग्रॅम. रुपया ११.६६ ग्रॅम, शुद्ध चांदी १०.७. (१९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच, आमचे सगळे त्याआधीचे.) झीज सोडली तर एक डॉलर म्हणजे सव्वादोन रुपये. सबंध हमेल सव्वावीस रुपयांची. फुप्पीचा वाटा चार रुपयांहून किंचित जास्त. नुसता डॉलर घेतला असता तर जवळजवळ निम्मा हक्क गेला असता.

हिशेब मी कागदावर मांडला. अब्बांनी तो दोनदा वाचला आणि चाचांपुढं सरकवला. डॉलर आणि दोन रुपये फुप्पीला, भावांना आठ-आठ. तिच्याकडं जास्त गेलेल्या दोन ग्रॅम चांदीचे पैसे तिनं जागेवर मोजून दिले. कुणी "राहू दे" म्हटलं, तर ती म्हणाली, "नाही. माझं मी घेतलं, तुमचं तुम्ही घ्या."