उजेडाचा गोळा

डेन्मार्कला जाऊन आलेली माणसे कोपनहेगनच्या जलपरीविषयी भरभरून बोलतात. मी मुलीकडे महिनाभर राहून आलो आणि माझ्या मनात राहिली आहे ती एका म्हाताऱ्या कोळ्याच्या दारातली छत्र्या ठेवायची नळी!

मुलगी राहते ऑर्हूसला. नातवाला बोटींचे भारी वेड, म्हणून एका शनिवारी आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्यूबोरन गावी निघालो. नाव लिहिताना ‘थ’ लिहायचा आणि बोलताना ‘ट’ म्हणायचे, ही तिकडची रीत. स्ट्रुअर आणि वेंब येथे गाड्या बदलून एका छोटेखानी आगगाडीने आम्ही शेवटच्या स्टेशनावर उतरलो. लिमफियोर्ड ही लांबलचक खाडी येथे उत्तर समुद्राला मिळते. वारा असा की टोपी हाताने धरूनच चालावे. वाळूच्या टेकड्यांतून जर्मन काँक्रीटचे बंकर डोकी वर काढून बसलेले. 1940 ते 1945 अशी पाच वर्षे हा किनारा जर्मनांच्या ताब्यात होता.

गावात 2015 साली उघडलेले सागरी युद्धाचे संग्रहालय आहे. ते मुख्यतः पहिल्या महायुद्धातील जटलंडच्या लढाईचे. 31 मे 1916 रोजी ह्याच किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात ब्रिटिशांची आणि जर्मनांची मिळून 250 जहाजे एकमेकांवर तुटून पडली. 25 जहाजे बुडाली. ब्रिटिशांची 6,094 आणि जर्मनांची 2,551 माणसे मेली. जवळच्या वाळूत त्या बुडालेल्या जहाजांचे ग्रॅनाइटचे स्तंभ उभे आहेत.

संग्रहालयाबाहेरच्या बाकावर एक म्हातारा कोळी भेटला. वय चौऱ्याऐंशी, इंग्रजी मोडके, पण हौस दांडगी. नातवाचे प्रश्न ऐकून तो खूश झाला आणि आम्हांला कॉफीला घरी घेऊन गेला. दारातच एक गंजकी, जाड लोखंडी नळी उभी होती आणि तिच्यात तीन छत्र्या.

“ओळख पाहू, काय आहे?” त्याने नातवाला विचारले.

“पाइप!”

म्हातारा हसला. छत्र्या काढून त्याने नळी आडवी केली. तो चक्क तोफेचा गोळा होता! तोही जर्मन आरमाराचा, प्रकाश पाडणारा. जर्मन भाषेत ‘लॉइश्टग्रानाटे’. मग त्याने आम्हांला तो कसा ओळखायचा ह्याचा धडाच दिला.

पहिली खूण बुडाची. फुटणाऱ्या गोळ्याचे बूड भक्कम, कारण तो फुटला की त्याच्या ठिकऱ्याच उरायच्या. प्रकाशगोळ्याचे बूड मात्र निघण्यासाठीच बसवलेले. ठरावीक वेळेनंतर टोकावरचा फ्यूज पेटतो, आतली थोडीशी काळी दारू उडते आणि मॅग्नेशियमचा दिवा बूड ढकलून मागून बाहेर पडतो. दिव्याला हवाई छत्री बांधलेली असते. तो जळत जळत सावकाश खाली येतो, आणि रिकामी नळी पुढे जाऊन पडते. म्हणून नळी अखंड, आतून गुळगुळीत आणि बूड उघडे, तर समजावे, हिचा दिवा लागून गेला.

दुसरी खूण कमरेच्या पट्ट्याची. तोफेच्या नळीतील पीळ ह्या पट्ट्यावर तिरके ओरखडे काढतात. ओरखडे असले तर गोळा डागलेला. तांब्याची टंचाई झाली तेव्हा जर्मनांनी लोखंडी पट्टेही वापरले.

तिसरी खूण मापाची. त्याने कॅलिपर आणून नातवाच्या हातात दिला. ब्रिटिशांची सहा इंची तोफ म्हणजे 152.4 मिलिमीटर. जर्मन आरमाराची ‘15 सेंटिमीटर’ तोफ प्रत्यक्षात 149.1 मिलिमीटर. साडेतीन मिलिमीटरांचा देखील फरक नाही, पण गोळा कोणाच्या घरचा हे तेवढ्यावरून कळते! शेवटची खूण छापाची. मुकुटाखाली ‘एम’ अक्षर म्हणजे कैसरचे आरमार, गरुडाखाली ‘एम’ म्हणजे हिटलरचे. भिंग लावल्यावर नातवाला गरुड दिसला.

“पण नुसत्या दिव्यासाठी एवढा खटाटोप?” मी विचारले.

म्हातारा म्हणाला, सर्चलाइट लावला की लावणाराच आधी दिसतो. हा दिवा शत्रूच्या पाठीमागे लटकतो. शत्रूची काळी आकृती उठून दिसते आणि आपण अंधारातच राहतो. जटलंडच्या रात्री जर्मनांपाशी असे गोळे होते, ब्रिटिशांपाशी त्या तोडीचे काही नव्हते. त्याच रात्री ‘ब्लॅक प्रिन्स’ ही ब्रिटिश क्रूझर चुकून जर्मन रांगेजवळ गेली. तिच्यावर सर्चलाइटचे झोत पडले आणि थोड्याच वेळात 857 माणसांसह ती बुडाली. एकही वाचला नाही. दिव्याने कोणाला मारले नाही. कोणाला मारायचे ते दाखवले.

कॉफी ओतताना त्याच्या डाव्या हाताकडे माझे लक्ष गेले. दोन बोटे नव्हती.

माझी नजर त्याने ओळखली. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला आणि थोरल्या भावाला वाळूत असाच एक गोळा सापडला. जर्मन गेले होते, पण त्यांचे सामान किनाऱ्यावर जागोजागी राहिले होते. गावातल्या पोरांना सगळे छाप पाठ. हा उजेडाचा गोळा, ह्यात स्फोटक नाही, असे दोघांनी ठरवले. आत रेशमी छत्री असते हेही त्यांना ठाऊक होते. आईला त्या कापडाचा ब्लाउज शिवायचा म्हणून भावाने बूड सैल करायला हातोडा मारला.

“आमची ओळख बरोबर होती,” म्हातारा म्हणाला. “गोळा उजेडाचाच होता. फक्त त्याचे बूड बंद होते.”

भावाचे काय झाले, हे मी विचारले नाही. भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. अकरा-बारा वर्षांचा असेल.

निघताना त्याने नातवाला बजावले: अशी वस्तू दिसली की हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची, लांब व्हायचे आणि मोठ्यांना सांगायचे. मोठ्यांनी पोलिसांना कळवायचे. आजही कोळ्यांच्या जाळ्यात असे गोळे येतात, आणि ते काढायला आरमाराचे जाणकार लोक लागतात.

आगगाडीत नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, मागच्या दिवाळीत मी न उडालेला बाण उचलायला गेलो, तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात!”

“रागावला होतास ना माझ्यावर?”

“हो,” तो म्हणाला, आणि माझा हात धरून खिडकीबाहेर पाहू लागला.