पॅरिसची साडी आणि कासोटा

२६ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन, सीन नदीत बोटी, वरून पाऊस आणि आपल्या बोटीवर सिंधू आणि शरत कमल तिरंगा धरून. नंतर मात्र चर्चा रंगली ती साड्यांची.

तरुण ताहिलियानींच्या त्या कपड्यांवर इकतची नक्षी छापलेली होती. इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवतात, मग विणतात. नक्षी धाग्यातच असते. छापील इकत म्हणजे विणकामाचा स्क्रीनशॉट! ज्वाला गुट्टाचा आक्षेप वेगळा होता: सगळ्या मुलींना साडी नेसता येत नाही, मग आधीच शिवून का नाही दिली? मला हाच प्रश्न जास्त खरा वाटतो. देशाची प्रतिमा ज्यांच्या अंगावर चढवायची, त्यांना ती पेलते का, हे कुणी विचारतच नाही. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत साडीऐवजी ब्लेझर-पँट दिली, तर त्यावरही वाद झालाच.

जुलैत वेल्ह्यातल्या आमच्या पासलीत भातलावणी चालू असते. आत्या अजून नऊवारीच नेसते. कासोटा घट्ट खोचून दिवसभर चिखलात वाकते, बांध ओलांडते. तिच्या लेखी ती परंपरा वगैरे नाही, कामाचे कपडे आहेत. जगाला दाखवायला आपण निवडतो ती मात्र गोल साडी, जिच्यात लांब टांग टाकता येत नाही.

मोबाइलवर पॅरिसचे फोटो दाखवले तर म्हणाली, “ह्या पोरी खेळणाऱ्या ना? मग कासोटा का न्हाई घातला?”

“तिकडं फक्त उभं राहून हात हलवायचा असतो, आत्या.”

“तरी बी,” म्हणाली आणि खाचरात उतरली.